फक्त अडतीस हजार किलोमीटर

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघत होतो, तर आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मुलगी बघायला चाललास की काय?" म्हटलं, गाडी बघायला. "जुनीच ना? मग तो चांगला शर्ट कशाला काळा करतोस?" मुद्दा बिनतोड होता. शर्ट बदलला आणि निघालो.

तर मंडळी, झालं असं की आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (ज्यावर एरवी नळाला पाणी कधी येणार याशिवाय दुसरी चर्चा होत नाही) एक जाहिरात आली. 'कावासाकी बजाज कॅलिबर. मॉडेल १९९८. सिंगल ओनर. फक्त ३८ हजार किमी. चार-पाच वर्षांपासून उभी आहे. १८ हजार.' सोबत फोटो. पत्र्याच्या शेडखाली जुन्या चादरीत अर्धवट गुंडाळलेली मोटरसायकल. पुण्यात हापिसच्या खुर्चीत बसून तो फोटो मी चार वेळा मोठा करून बघितला. मीसुद्धा मॉडेल १९९८च. आणि दोघंही इथलेच. मी घाटीत जन्मलो, ती वाळूजला.

हे वाळूजचं जरा इस्कटून सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही गाडी काय आहे ते कळणार नाही.

आज वाळूज म्हटलं की डोळ्यापुढे येतात कंटेनर, धूर आणि शिफ्टच्या बसगाड्या. पण मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा कारखानदारी बहुतेक सगळी मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात. १९६४ पासून राज्य सरकारने मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती द्यायला सुरुवात केली. औरंगाबादला (तेव्हाचं नाव तेच) आधी स्टेशनजवळ आणि मग चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली. १९७२ पासून सिडको इथे नवं शहर वसवायला लागलं. त्याच वर्षी दुष्काळ पडला. आमच्याकडे '७२चा दुष्काळ' म्हटलं की अजूनही म्हातारी माणसं क्षणभर गप्प होतात. पुढे १९८४ साली वि. म. दांडेकरांच्या समितीने राज्याचा कुठला भाग किती मागे आहे हे आकड्यांत मांडलं आणि 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या रोजच्या बोलण्यात आला.

त्याच वर्षी, १९ जानेवारी १९८४ रोजी, वाळूजला बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. तोपर्यंत बजाज म्हणजे पुण्याजवळची आकुर्डी आणि बजाज म्हणजे स्कूटर. पियाज्जिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ साली चेतक आली. त्या काळात कारखान्याने गाड्या किती बनवायच्या हे दिल्ली ठरवत असे, त्यामुळे स्कूटरचं बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे. नंबर लागेपर्यंत बुकिंग करणाऱ्याचं लग्न होऊन मूल शाळेत जायला लागायचं, असं आमचे आजोबा सांगायचे. (आजोबा अतिशयोक्तीबद्दल प्रसिद्ध होते, पण या बाबतीत फार नाही.)

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे दार किलकिलं झालं आणि जपानी आत आले. १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाजची केबी १००. मग १९९१ साली फोर-एस चॅम्पियन, १९९७ साली बॉक्सर, आणि ७ जून १९९८ रोजी वाळूजच्या कारखान्यातून कॅलिबर बाहेर पडली. १११.६ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, दणकट बांधा. बारा महिन्यांत लाखभर विकली गेली. स्कूटरवाला देश मोटरसायकलवाला होत होता, ती ही वर्षं.

मोठ्या कारखान्याभोवती छोटे उभे राहिले. आज देशभर नाव असलेली एन्ड्युरन्स १९८५ साली इथेच दोन डायकास्टिंग मशीनवर सुरू झाली. १९९० साली व्हेरॉक. आणि ज्यांची नावं कधी पेपरात येत नाहीत अशी कितीतरी वर्कशॉपं. थोडक्यात, १९९८ साली आमच्या शहरात हजारो माणसं अशी होती जी सकाळी वाळूजला बनलेल्या गाडीला किक मारून वाळूजला गाडीचे पार्ट बनवायला जात होती.

जाहिरातीतली गाडी अशाच एका काकांची निघाली.

असो. आता प्रत्यक्ष बघण्याचा कार्यक्रम. मी इंजिनिअर असलो तरी माझं आयुष्य कीबोर्डवर गेलेलं, त्यामुळे शहागंजकडे ज्यांचं गॅरेज आहे त्या चाचांना सोबत घेतलं. माझ्या बाबांची स्कूटर त्यांनीच सांभाळली होती. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि "आधी पोहे खा" म्हणाल्या. आईला फोन करून सांगावंसं वाटलं की बघ, पोहेसुद्धा आहेत.

बोलता बोलता कळलं की काका वाळूजला एका व्हेंडर कंपनीत टर्नर होते. कंपनीची बस होती, पण त्यांना बस लागायची, म्हणून गाडी घेतली. जाहिरात पुतण्याने टाकली, तो मुंबईला असतो. हॉलचा रंग चांगला होता. मी तसं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "आत-बाहेर एकदाच दिला, २०१६ ला, मुलीच्या लग्नात. त्यानंतर कुठलं काय." हे वाक्य मी तेव्हा पोह्यांबरोबर गिळून टाकलं. पुढे ते उपयोगी पडणार होतं.

शेडखाली गेल्यावर मी सवयीने गाडीवर बसायला लागलो, तर चाचांनी दंड धरला. "किक नक्को मारो. सोया हुआ है, एकदम से उठाओगे तो गुस्सा करेगा." उभ्या गाडीचा हा पहिला नियम. इंजिन बंद राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर हळूहळू खाली उतरतो. रिंगा कोरड्या पडतात, कधी गंजून भिंतीला चिकटतात. उत्साहात मारलेली एक किक तिथे ओरखडे पाडते, आणि मग जे इंजिन शंभर रुपयांच्या ऑइलने सुटलं असतं त्याला बोअर करावं लागतं. तेव्हा आधी बघायचं, वास घ्यायचा, कागद वाचायचे. हात सगळ्यात शेवटी.

म्हणून मी मीटर बघितला. ३८,२१४. जाहिरात खरी. पण चाचा मीटरकडे बघतच नव्हते, ते पायाकडे बघत होते. ब्रेकच्या पेडलवरच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. गिअरच्या रबराला आरपार भोक. किकचं रबर एका बाजूने झिजून लोखंड दिसत होतं. "अडतीस हजार में इत्ता नई घिसता," चाचा म्हणाले.

मग मी गणित केलं. सिडकोतून जालना रोड, क्रांती चौक, नगर नाका, गोलवाडी, मग आपलं छोटं पंढरपूर आणि वाळूज एमआयडीसी, एका बाजूने अठरा किलोमीटर धरा. रोजचे छत्तीस. वर्षाला २९० दिवस धरले तर १०,४४० किलोमीटर. म्हणजे ३८ हजार व्हायला चार वर्षंसुद्धा लागत नाहीत. मीटरमध्ये पूर्ण किलोमीटरचे आकडे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. आमच्या भाषेत ओव्हरफ्लो. ज्या वर्षी सगळं जग वायटूकेच्या, म्हणजे दोन आकडी वर्षाच्या घोळाच्या भीतीने गारठलं होतं, त्याच सुमाराच्या गाडीत हा तसलाच घोळ निवांत बसलेला होता. तर 'फक्त ३८ हजार' मधला 'फक्त' गेला.

सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. आरसीवर डिसेंबर १९९८ ची नोंदणी, एमएच २०, मुदत पंधरा वर्षं, म्हणजे डिसेंबर २०१३ पर्यंत. नूतनीकरण नाही. शेवटचा विमा सप्टेंबर २०१२ ला संपलेला. पीयूसी त्याच वर्षाची. पुढच्या टायरच्या कडेला चार आकडे होते, २३११. हे वाचायला सोपं असतं. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पंधरा वर्षांच्या घरात आलेल्या रबरावर उन्हात वाळवलेल्या पापडासारख्या चिरा. नक्षी मात्र बरीच शिल्लक, म्हणजे घातल्यानंतर वर्षभरच चालला असावा.

सगळे पुरावे एकाच तारखेकडे बोट दाखवत होते. २०१२. म्हणजे गाडी 'चार-पाच' नाही, तेरा वर्षं उभी होती. जाहिरातीत दोन आकडे आणि दोन्ही खोटे. मी मोबाइल काढून मुद्दे लिहायला घेतले, सोमवारी हापिसात बग रिपोर्ट लिहितो तसे. १. मीटर फिरून गेलेला, खरे किमी लाखाच्या वर. २. बंद १३ वर्षं. ३. दोन्ही टायर बाद. खाली लिहिलं: '१८ चे ९ करायचे.' खरं सांगायचं तर मजा येत होती. समोरच्याचं खोटं पकडल्यावर आपण एकदम नीतिमान होतो आणि भावही पाडता येतो, असा दुहेरी फायदा.

चौथा मुद्दा लिहायला खाली वाकलो आणि सायलेन्सरच्या मागे भिंत दिसली. भिंतीवर काळा गोल डाग. ताटलीएवढा, मधे दाट, कडेला फिकट. धुराची काजळी. ही एका दिवसात जमत नाही, गाडी एकाच जागी उभी राहून पुन्हा पुन्हा चालू झाली तरच जमते. बोट फिरवलं. काजळीच्या खाली रंग होता. तोच हॉलमधला पिवळसर रंग.

वेरूळ-अजिंठ्याच्या गावचे लोक आपण. वर चढलेला थर नंतरचा, एवढं तर शाळेच्या सहलीतच कळलेलं असतं. रंग २०१६ चा. काजळी रंगाच्या वर. म्हणजे हे इंजिन २०१६ नंतर चालू होत होतं, आणि एकदा-दोनदा नाही, कितीतरी वेळा.

मग बाकीच्या गोष्टी नव्याने दिसायला लागल्या. बॅटरी मेलेली होती, पण तिच्यावर खिळ्याने कोरलेली तारीख २०१९ ची होती. चेनवर धूळ होती, पण धुळीखाली ऑइल. गाडी मेनस्टँडवर होती आणि स्टँडखाली लाकडी फळी, म्हणजे पुढचं चाकही जेमतेम टेकलेलं. चाचांनी एवढंच म्हटलं, "किसीने ध्यान दिया है इसपे." आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. ते काडीने सहज फुटलं. धूर येत असता तर माशी तिथे घर करती ना, म्हणजे ते शेवटचं चालू झाल्यानंतरचं.

टायर, विमा, पीयूसी म्हणतात २०१२. भिंत आणि बॅटरी म्हणतात २०१९ नंतरसुद्धा. दोन्ही साक्षीदार पक्के. मी काकूंना विचारलं, काकू, काका गाडी चालवायचे कधी बंद झाले?

"चालवायचे तर रिटायर झाले तेव्हाच. २०१२ ला."

मग जाहिरातीत चार-पाच वर्षं कसं?

"अरे, चालवत नव्हते. चालू करत होते. दर रविवारी."

आपल्या भाषेत हे किती जवळचे शब्द आहेत बघा. चालवणे आणि चालू करणे. मी तासभर कागद आणि रबर वाचून जे शोधत होतो ते या दोन क्रियापदांच्या मधे होतं. काकांना रिटायर झाल्या झाल्या डोळ्यांचा त्रास सुरू झाला, मुलीने गाडीची किल्ली मागून घेतली, त्यांनी दिली. पण रविवारी सकाळी दहा वाजता किल्ली परत मागायचे. गाडी पुसायची, चालू करायची, दहा मिनिटं शेडखाली तशीच ठेवायची, गिअर टाकून मागचं चाक फिरवायचं, चेनला ऑइल, एकदा हॉर्न, बंद. हॉर्न नीट वाजावा म्हणून २०१९ ला नवी बॅटरी आणली, यावरून घरात भांडणसुद्धा झालं होतं. मीटरची केबल पुढच्या चाकाला असते, त्यामुळे या साडेआठ वर्षांच्या रविवारांची मीटरमध्ये काहीच नोंद नाही.

शेवटचा रविवार एप्रिल २०२१ मधला. त्या महिन्यात काय झालं हे वेगळं सांगायला नको.

मी मोबाइल खिशात घातला.

काकू आत गेल्या आणि एक डायरी घेऊन आल्या. कुठल्याशा बेअरिंगच्या दुकानाने वाटलेली. पहिल्या पानावर डिसेंबर १९९८, आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल. तारीख, मीटर, लिटर, भाव. टर्नरचं अक्षर, प्रत्येक आकडा मापात. भाव तिशीच्या आतून सुरू होऊन सत्तरीच्या पार जातो. इतिहासाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, पण चौदा वर्षांची महागाई एका माणसाच्या खिशातून निघताना अशी पहिल्यांदा पाहिली. नोव्हेंबर २००८ मधल्या एका पानावर लाल पेनने '०००००' आणि शेजारी 'पेढे'. एक लाख पूर्ण झाले म्हणून त्यांनी मशीनवरच्या सगळ्यांना पेढे वाटले होते! शेवटची नोंद सप्टेंबर २०१२. मीटर ३८,२०० च्या आसपास.

म्हणजे खरा आकडा १ लाख ३८ हजार २१४. पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर ४०,०७५ किलोमीटर. जवळजवळ साडेतीन प्रदक्षिणा, त्याही बहुतेक एकाच रस्त्यावर, घरापासून वाळूज आणि वाळूजपासून घर. हा माणूस ७२ च्या दुष्काळात अठरा वर्षांचा होता, खडी फोडायच्या कामावर होता. मग आयटीआय, मग चिकलठाणा, मग वाळूज. पुतण्याने मीटरवर दिसलं ते लिहिलं आणि त्यातले एक लाख किलोमीटर गळाले. विकताना किलोमीटर कमी असलेले बरे, हे बाजाराचं म्हणणं. पण काकूंना मी ओव्हरफ्लोचं गणित सांगितलं तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "मग ते एक लाख जाहिरातीत लिहायला सांगते त्याला." त्यांना ती कमाई वाटत होती. आणि होतीच.

काकांचे ते रविवार चालू होते तेव्हा बाहेर काय काय बदलत होतं याचा विचार केला की गंमत वाटते. स्कूटरवर उभी राहिलेली बजाज २००९ सालीच स्कूटर बनवणं सोडून बसली होती. २०१७ मध्ये कावासाकीबरोबरची विक्रीची भागीदारी संपली, टाकीवरची ती दोन नावं पुन्हा एकत्र दिसणार नव्हती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच वर्षी जानेवारीत चेतक परत आली होती, पण विजेवर. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी राहुल बजाज गेले. शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. नंबरप्लेटवरचा २० तेवढा तोच राहिला.

पेट्रोलसुद्धा तेच राहिलं नाही. शिसं घातलेलं पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, म्हणजे या गाडीने पहिलं वर्षभर बहुधा तेच प्यायलं असणार. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२२ मध्ये ते देशभरात सरासरी दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के. आपल्या उसाला गिऱ्हाईक मिळालं, पण १९९८ च्या रबरी नळ्यांना आणि सीलना याची कल्पना नव्हती. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. चाचांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं, वास व्हार्निशचा, आणि तळाशी वेगळा झालेला पाण्याचा थर. मोबाइलच्या उजेडात टाकीच्या आत बघितलं (काडी पेटवून बघणारे महाभाग आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो). वरच्या अर्ध्या भागात गंज, खाली स्वच्छ, मधे सरळ रेघ. जायकवाडीचं पाणी उतरल्यावर काठावर दिसते तशी. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये तेच चिकट पेट्रोल वाळून बसलेलं असणार.

मग शेवटी हात लावायची वेळ आली. प्लग काढला, भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि अर्धा तास काहीही केलं नाही. (काकूंनी चहा केला.) तेवढ्यात बाकीचं बघून घेतलं. डिपस्टिकवरचं ऑइल काळं, पण दुधाळ नाही, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर गंजाचे बारीक ठिपके, खाली दाबलं की सील घासून फाटणार. कोनसेट ठीक. कोकणात असती तर फ्रेमचा भुगा झाला असता. मराठवाड्याच्या कोरड्या हवेने निदान इथे तरी उपकार केले. मग चाचांनी टॉप गिअर टाकला आणि मागचं चाक दोन्ही हातांनी हळूच फिरवलं. आधी अडलं. मग किंचित सरकलं. पुन्हा थोडं. आणि प्लगच्या भोकातून 'फस्स्' असा आवाज आला. पिस्टन वर आला होता.

"जिंदा है," चाचा म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना तो आवाज कसला ते कळलं असावं, त्या आत निघून गेल्या.

टायर-ट्यूब, बॅटरी, कार्ब्युरेटर किट, नळ्या, ब्रेक शू, चेनसेट, शॉकअपचे सील, टाकीची सफाई, मिळून बारा-तेरा हजार. हा खर्च मी काकूंना कागदावर लिहून दाखवला, आणि कागदपत्रांचंही सांगितलं, कारण ते कुणी सांगितलेलं नव्हतं. मालक हयात नसले की गाडी सरळ तिसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून काकूंच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या. शिवाय पंधरा वर्षं उलटून गेल्यामुळे फॉर्म २५ आणि आरटीओची तपासणी. वीस वर्षांवरच्या दुचाकीला ही फी ऑगस्ट २०२५ पासून दोन हजार, उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट वेगळी. जुनी गाडी घेणाऱ्या मंडळींनी इंजिनाच्या आधी हे बघावं. इंजिन ऑइलने सुटतं.

भावाचं काय झालं? 'खोटं पकडलं' हा मुद्दाच उरला नव्हता, त्यामुळे मी नऊ म्हटलंच नाही. खर्चाचा कागद बघून काकू स्वतःच म्हणाल्या, "चौदा दे." दिले. एक अट घातली. मला वाटलं, रविवारी चालू करत जा म्हणतील. तसं काही नाही. म्हणाल्या, "डायरी मी देणार नाही." मी पानांचे फोटो काढायची परवानगी मागितली, ती मिळाली. मूळ दस्तऐवज मालकाकडेच राहिला, आणि तेच योग्य.

निघण्याआधी एक काम होतं. फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. शिलालेखाचा ठसा घेतात ना, अगदी तसंच. पहिल्या दोन वेळा कागद फाटला. तिसऱ्या वेळी काळ्या पट्टीत एकेक पांढरा आकडा उमटत गेला, आणि आरसीवरच्या नंबराशी शेवटपर्यंत जुळला.

पुढच्या वीकांताला कार्ब्युरेटर उघडायचाय. त्याआधी आईचा प्रश्न आहेच. घरी आलो तर दारातच म्हणाली, "मग? पसंत?"

म्हटलं, हो. घराणं चांगलंय.